सुट्या वाक्यांचे भाषांतर : बहुभाषिक संकेतस्थळांवरील भाषांतर-संपादकाची चिकित्सा

सारांश : पृष्ठरचनाकाराच्या साहाय्याने उभारलेल्या बहुभाषिक संकेतस्थळांवर भाषांतर-संपादक वापरताना येणाऱ्या अडचणी सामान्यतः तांत्रिक बिघाड म्हणून हाताळल्या जातात. वर्डप्रेस, एलिमेंटर आणि डब्ल्यूपीएमएल या प्रचलित जोडणीच्या आधारे प्रस्तुत निबंधात या बिघाडांची कारणे व उपाय सांगितले आहेत. त्यांच्या मुळाशी संहितेविषयीची एक विशिष्ट कल्पना आहे, हे दाखवण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजसंज्ञा : भाषांतर-संपादक, पृष्ठरचनाकार, वाक्यखंड, सामान्यरूप, परिभाषा, मूळ संहिता.

प्रास्ताविक

महाविद्यालयाचे संकेतस्थळ एकेकाळी माहितीपत्रकाची संगणकीय आवृत्ती होते. आज प्रवेशाच्या तारखा, शिष्यवृत्तीचे निकष, परीक्षा-अर्जाच्या सूचना, जात वैधता प्रमाणपत्राबाबतच्या अटी हा सर्व मजकूर विद्यार्थी प्रथम तेथेच वाचतो. हा मजकूर मराठीत असणे हा केवळ भाषाभिमानाचा विषय नाही. अटीचा अर्थ चुकीचा लागला तर अर्ज बाद होतो आणि त्याची किंमत विद्यार्थ्यालाच मोजावी लागते.

अशी संकेतस्थळे उभारण्याचा एक सुलभ मार्ग गेल्या काही वर्षांत रूढ झाला आहे. २००३ साली सुरू झालेली वर्डप्रेस ही आशय-व्यवस्थापन प्रणाली, तिच्यावर २०१६ साली आलेला एलिमेंटर हा पृष्ठरचनाकार आणि दुसऱ्या भाषेसाठी डब्ल्यूपीएमएल हे प्लगइन, अशी ही जोडणी आहे. संगणकाज्ञावलीचे ज्ञान नसलेला प्राध्यापकही तिच्या साहाय्याने पृष्ठ तयार करू शकतो. त्यामुळे संकेतस्थळ समितीचे काम अनेकदा भाषा विभागातील प्राध्यापकाकडे येते आणि भाषांतर-संपादकातील अडचणीही त्याच्याच वाट्याला येतात.

या अडचणींवर तांत्रिक मार्गदर्शन विपुल उपलब्ध आहे. मात्र भाषांतर-संपादक हे भाषांतराचे साधन असल्यामुळे त्याची चिकित्सा भाषांतर-विचाराच्या अंगानेही व्हावयास हवी. ती येथे अभिप्रेत आहे.

१. पृष्ठाची घडण आणि संपादकाची कार्यपद्धती

एलिमेंटरमध्ये तयार केलेले पृष्ठ वाचकाला सलग दिसते. प्रत्यक्षात ते सलग मजकुराच्या स्वरूपात साठवलेले नसते. विभाग, त्यात स्तंभ, स्तंभात विजेट आणि विजेटात मजकुराच्या चौकटी अशी त्याची एकात एक बसवलेली रचना असते. ती जेसन या स्वरूपात पृष्ठाच्या अधिमाहितीत जतन केली जाते. शीर्षक हे एक विजेट, परिच्छेद हे दुसरे, बटण हे तिसरे. त्यांचा परस्परसंबंध वाचकाच्या मनात असतो. साठवणीत मात्र त्यांच्यामध्ये केवळ क्रम असतो.

डब्ल्यूपीएमएल प्रत्येक भाषेसाठी पृष्ठाची स्वतंत्र नोंद करते आणि या नोंदी एकमेकींशी जोडून ठेवते. भाषांतर-संपादक मूळ पृष्ठातील विजेटांच्या ठरावीक चौकटींतून मजकूर वेचतो, त्याचे वाक्यागणिक खंड पाडतो आणि डावीकडे मूळ व उजवीकडे भाषांतर अशा मांडणीत ते भाषांतरकारापुढे ठेवतो. या देवाणघेवाणीसाठी एक्सएलआयएफएफ हे स्वरूप वापरले जाते. ओएसिस या संस्थेने त्याची १.२ ही आवृत्ती २००८ साली प्रमाणित केली. भाषांतर पूर्ण झाले की मूळ पृष्ठाच्या सांगाड्याची प्रत घेऊन त्यातील इंग्रजी खंडांच्या जागी मराठी खंड बसवले जातात.

थोडक्यात, अशा पद्धतीने तयार झालेले मराठी पृष्ठ लिहिलेले नसते, भरलेले असते. पुढील सर्व विवेचनाला या निरीक्षणाचा आधार आहे.

२. बिघाडांचे स्वरूप, उपाय आणि अर्थ

वापरकर्त्याला वारंवार भेडसावणारे बिघाड चार प्रकारचे आहेत.

पहिला प्रकार म्हणजे मूळ पृष्ठावर दिसणारा मजकूर संपादकात न येणे. याचे एक कारण असे की, एखादे विजेट अन्य निर्मात्याच्या प्लगइनमधून आलेले असते आणि त्यातील कोणत्या चौकटीत भाषांतरयोग्य मजकूर आहे याची नोंद झालेली नसते. ही नोंद त्या प्लगइनसोबतच्या एक्सएमएल स्वरूपातील विन्यास-धारिकेत करावी लागते. दुसरे कारण अधिक साधे आहे. शीर्षपट्टी, तळपट्टी किंवा मध्येच उघडणारी सूचना-चौकट यांचा मजकूर त्या पृष्ठात नसतोच. ती स्वतंत्र टेम्प्लेट असतात आणि त्यांचे भाषांतर स्वतंत्रपणे करावे लागते. थीममधील ठरीव शब्दांसाठी शब्दावली-भाषांतराचा विभाग निराळा आहे. चित्रात कोरलेला मजकूर तर कोणत्याच संपादकाला दिसत नाही. वेळापत्रकाचे छायाचित्र टाकण्याची आपल्याकडील सवय येथे आड येते.

दुसऱ्या प्रकारात भाषांतर करूनही पृष्ठावर जुनाच मजकूर दिसतो. मूळ पृष्ठ बदलल्यावर मराठी पृष्ठावर ‘अद्ययावत करणे आवश्यक’ अशी खूण येते, परंतु भाषांतर पुन्हा पूर्ण केल्याशिवाय बदल उतरत नाही. खंड पूर्ण झाल्याची नोंद राहून गेली आहे काय, हे प्रथम पाहावे. तरीही बदल न दिसल्यास मूळ पृष्ठात एखादा किरकोळ बदल करून ते जतन करावे, भाषांतर पुन्हा उघडून पूर्ण करावे, एलिमेंटरच्या शैली-धारिका नव्याने निर्माण कराव्यात आणि साठवलेल्या जुन्या प्रती रिकाम्या कराव्यात. हा क्रम पाळल्यास बहुतेक वेळा प्रश्न सुटतो.

तिसऱ्या प्रकारात संपादक उघडतच नाही किंवा भाषांतराचे काम मध्येच अडकून राहते. प्रगत भाषांतर-संपादक महाविद्यालयाच्या सर्व्हरवर चालत नाही, निर्मात्याच्या सर्व्हरवर चालतो. दोहोंमधील संपर्क वर्डप्रेसच्या रेस्ट एपीआय या मार्गाने होतो. सुरक्षेसाठी बसवलेल्या प्लगइनने किंवा सर्व्हरच्या संरक्षक भिंतीने तो मार्ग बंद केला की काम थांबते. तसेच संकेतस्थळाची प्रत नव्या पत्त्यावर नेली असता, ते स्थलांतरित झाले आहे की त्याची नक्कल केली आहे, हे प्रणालीला सांगावे लागते. ते न सांगितल्यास दोन स्थळे एकाच ओळखीवर हक्क सांगतात.

चौथा प्रकार सर्वाधिक क्लेशदायक आहे. मराठी पृष्ठात थेट एलिमेंटरमधून केलेल्या सुधारणा काही दिवसांनी नाहीशा होतात. संपादकातून त्या पृष्ठाचे भाषांतर पुन्हा पूर्ण झाले की पृष्ठ नव्याने भरले जाते आणि हाताने केलेली दुरुस्ती पुसली जाते. प्रणाली याची पूर्वसूचना देते, पण घाईत ती दुर्लक्षिली जाते. एका पृष्ठासाठी एकच पद्धत ठरवून तिची नोंद ठेवणे, हाच यावरील खात्रीचा उपाय होय.

उपाय सांगून झाल्यावर या बिघाडांकडे पुन्हा पाहिले तर त्यांत एक सुसंगती आढळते. पहिल्या बिघाडात, यंत्राला जो मजकूर म्हणून सांगितला आहे तेवढाच मजकूर ठरतो. दुसऱ्यात, भाषांतर सदैव मुळाच्या मागून चालते. तिसऱ्यात, भाषांतराची जागा संस्थेच्या बाहेर असते. चौथ्यात, मराठी लेखकाचा मराठी पृष्ठाला झालेला थेट स्पर्श हाच अपवाद मानला जातो. म्हणजे यंत्र बिघडते तेव्हाही ते आपल्या मूळ कल्पनेशी प्रामाणिक असते. संहिता म्हणजे सुट्या खंडांची बेरीज, अशी ती कल्पना आहे.

३. खंडाची सीमा आणि मराठी वाक्य

जे. सी. कॅटफर्ड यांनी १९६५ साली भाषांतराच्या भाषावैज्ञानिक उपपत्तीत श्रेणीबद्ध आणि श्रेणीमुक्त भाषांतर असा भेद केला. शब्द किंवा रूपिमा अशा एखाद्याच श्रेणीवर समतुल्यता शोधण्याचे बंधन घातले की भाषांतर श्रेणीबद्ध होते आणि पुष्कळदा अस्वाभाविक बनते. भाषांतर-संपादक वेगळ्या वाटेने हेच बंधन घालतो. येथील श्रेणी भाषावैज्ञानिक नाही, रचनेने ठरवलेली आहे. चौकट हीच श्रेणी होय.

एक साधे उदाहरण घेता येईल. प्रवेशप्रक्रियेचे तीन टप्पे तीन शेजारशेजारच्या विजेटांत दिले आहेत, असे समजू. अर्ज भरा, तो छापा, तो कार्यालयात जमा करा, अशा आशयाची ती तीन इंग्रजी वाक्ये आहेत. इंग्रजीत दुसऱ्या व तिसऱ्या वाक्यातील सर्वनाम एकच राहते. मराठीत मात्र ‘अर्ज’ म्हटले तर ‘तो’, ‘प्रत’ म्हटले तर ‘ती’ आणि ‘आवेदनपत्र’ म्हटले तर ‘ते’ येणार. तीन चौकटी तीन वेळी किंवा तीन व्यक्तींनी भरल्या तर तिन्ही लिंगे एकाच सूचनेत नांदू शकतात. ‘अर्ज भरून त्याची छापील प्रत कार्यालयात जमा करावी’ हे मराठीचे स्वाभाविक वाक्य आहे. पूर्वकालवाचक कृदंताच्या बळावर ते तीन क्रिया एका श्वासात सांगते. ते लिहायचे तर दोन चौकटी रिकाम्या ठेवाव्या लागतील आणि रिकामी चौकट पृष्ठरचनेला चालत नाही.

शीर्षकांची अवस्था याहून बिकट आहे. एलिमेंटरच्या व्यावसायिक आवृत्तीतील हलत्या शीर्षकाच्या विजेटात आधीचा मजकूर, ठळक मजकूर आणि नंतरचा मजकूर अशा तीन चौकटी असतात. ही विभागणी इंग्रजी पदक्रमाला सोयीची आहे. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येत असल्यामुळे जो शब्द ठळक व्हायला हवा तो दुसऱ्याच चौकटीत जाऊन पडतो. भाषांतरकाराने तीन चौकटींचा एकत्र विचार करून पदांची फेरमांडणी केली तरच अर्थ व भर दोन्ही राखता येतात.

मराठीची सर्वांत मोठी कसोटी सामान्यरूपात लागते. आयत्या वेळी नाम घालण्यासाठी रिकामी जागा ठेवलेली वाक्ये संगणकीय मजकुरात सर्रास असतात. इंग्रजीत त्या जागी कोणतेही नाम तसेच्या तसे बसते. मराठीत ‘पुणे’ला प्रत्यय लागताना ‘पुण्यात’ किंवा ‘पुण्यामध्ये’ असे रूप होते. यंत्राला हे रूपांतर ठाऊक नसल्यामुळे ‘पुणे मध्ये’ असा प्रयोग पडद्यावर उमटतो आणि वारंवार वाचून तो छापील मजकुरातही शिरतो. लिंगाच्या बाबतीत हीच स्थिती आहे. नवा विद्यार्थी, नवी सूचना आणि नवे परिपत्रक ही तिन्ही रूपे टाळण्यासाठी संगणकीय मराठीने ‘नवीन’ या अविकारी विशेषणाचा आश्रय घेतला आहे. भाषेने केलेली ही तडजोड असून तिच्यामुळे एक वैभव हळूहळू वापराबाहेर जाते. रिकाम्या जागेचे वाक्य ‘ठिकाण : पुणे’, ‘विभाग : इतिहास’ अशा नोंदरूपात बदलणे हा येथील व्यवहार्य उपाय आहे, कारण त्यात नामाला प्रत्यय लावावा लागत नाही.

अँथनी पिम यांनी २०११ साली भाषांतर-तंत्रज्ञानाविषयी मांडलेले निरीक्षण येथे उपयुक्त ठरते. वाक्याच्या सलग प्रवाहापेक्षा पर्यायांच्या उभ्या यादीतून निवड करण्याकडे हे तंत्रज्ञान भाषांतरकाराचे लक्ष वळवते, असा त्यांच्या मांडणीचा आशय आहे. संपादकातील दोन स्तंभ हे त्याचे दृश्य रूप होय.

४. स्मृती, शब्दसूची आणि परिभाषा

भाषांतर-स्मृती एकदा केलेले भाषांतर लक्षात ठेवते आणि तोच खंड पुन्हा आला की आपोआप पुढे करते. यामुळे श्रम वाचतात व सुसंगती येते, हे मान्यच करावयास हवे. परंतु संदर्भ सोडून खंड लक्षात ठेवला तर चूकही तितक्याच निष्ठेने लक्षात राहते. ‘अप्लाय’ या एका शब्दाच्या बटणाचे भाषांतर एका पृष्ठावर ‘लागू करा’ असे झाले, तर प्रवेशाच्या पृष्ठावरही ‘अर्ज करा’ऐवजी ‘लागू करा’ येण्याचा धोका असतो. ‘प्रिन्सिपल’ म्हणजे प्राचार्य की मुद्दल, ‘टर्म’ म्हणजे सत्र, मुदत की अट, ‘रिझल्ट’ म्हणजे निकाल की परिणाम, हे एकाकी खंडावरून यंत्राला सांगता येत नाही. ‘फ्रीशिप’सारखा शब्द तर आपल्या शिक्षणव्यवहाराच्या संदर्भातच अर्थपूर्ण आहे. सामान्य यांत्रिक भाषांतराकडून त्याच्या अचूकतेची अपेक्षा करणे व्यर्थ होय.

यावरील उपाय संपादकातच आहे. त्यात शब्दसूचीची सोय असते आणि ती आधी भरता येते. मराठीला हे काम नवे नाही. शिवकाळात सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशाने फारसी-अरबी कारभारी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६० सालीच भाषा संचालनालय अस्तित्वात आले आणि त्याच्या परिभाषा कोशांनी प्रशासन व ज्ञानशाखांच्या संज्ञा निश्चित केल्या. अधिवास, अनुदान, गुणवत्ता यादी, जात वैधता प्रमाणपत्र या संज्ञा विद्यार्थ्याच्या हातातील कागदपत्रांवर छापलेल्या असतात. संकेतस्थळावर त्याच संज्ञा असणे हा अचूकतेचा पहिला निकष मानला पाहिजे. एवढी पूर्वतयारी हाताशी असताना शब्दसूची रिकामी ठेवून भाषांतराचे बटण दाबणे म्हणजे घरात विहीर असून पाणी विकत आणण्यासारखे आहे.

५. लिपीचे प्रश्न

काही बिघाड भाषांतराचे वाटतात, पण वस्तुतः लिपीचे असतात. आपल्या कार्यालयांतील बराच जुना मजकूर युनिकोडपूर्व टंकांत आहे. तो संपादकात चिकटवला की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक गोळा दिसतो. येथे संपादक निर्दोष आहे. मजकूर आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून, ‘ऱ्या’सारखी रूपे तपासून मगच वापरावा. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील भेद यंत्राने पुसला तर तो शुद्धलेखनाचा किरकोळ दोष राहत नाही, समुद्राच्या दऱ्या होतात.

एलिमेंटरचा पूर्वनिर्धारित टंक रोबोटो आहे आणि त्यात देवनागरी अक्षरे नाहीत. त्यामुळे वाचकाच्या यंत्रावर जो देवनागरी टंक असेल तो वापरला जातो आणि पृष्ठाचे रूप यंत्रागणिक बदलते. इंग्रजी शीर्षकासाठी वाढवलेले अक्षरांतर मराठी पृष्ठातही उतरते आणि शिरोरेषेचे तुकडे पाडते. कमी ठेवलेल्या ओळ-अंतरामुळे वेलांट्या व उकार कापले जातात. अंक मोजत जाणाऱ्या विजेटात इंग्रजी अंकच स्वीकारले जातात. सांगाडा इंग्रजी पृष्ठाचा असल्यामुळे हे घडते. मराठी पृष्ठासाठी देवनागरी टंक, अक्षरांतर शून्य आणि ओळींमध्ये पुरेशी जागा अशी स्वतंत्र शैली ठरवणे अनिवार्य आहे. पृष्ठाची भाषा मराठी म्हणून घोषित झाली आहे काय, हेही पाहावे. काही टंकांत ल आणि श यांची मराठी वळणे या घोषणेवरच अवलंबून असतात.

६. मूळ कोणते?

आतापर्यंतच्या विवेचनात मूळ इंग्रजी आणि भाषांतर मराठी, असे गृहीत धरले आहे. प्रणालीही बहुधा तसेच धरून चालते, कारण संकेतस्थळाची मुख्य भाषा म्हणून इंग्रजी निवडलेली असते. महाविद्यालयीन व्यवहारात मात्र हे गृहीतक वारंवार खोटे ठरते.

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ अन्वये मराठी ही राज्याची राजभाषा आहे. शिष्यवृत्ती, शुल्कमाफी, प्रवेश यांविषयीचे शासन निर्णय मराठीत निघतात. असा निर्णय महाविद्यालयात आल्यावर त्याचा सारांश इंग्रजीत तयार होतो, तो इंग्रजी पृष्ठावर चढतो आणि भाषांतर-संपादकाच्या वाटेने पुन्हा मराठीत उतरतो. मूळ मराठी मजकूर उपलब्ध असताना विद्यार्थी त्या मजकुराच्या भाषांतराचे भाषांतर वाचतो. ‘पात्र राहील’ आणि ‘पात्र ठरू शकेल’ यांतील अंतर या दुहेरी प्रवासात हरवते. शासकीय मराठी बोजड आहे, ही तक्रार खरी असली तरी तिच्यातील अटी नेमक्या असतात. बोजडपणा घालवताना नेमकेपणा गेला तर विद्यार्थ्याचे नुकसानच अधिक होते.

या प्रश्नाचे उत्तर प्रणालीत अगदीच नाही, असे नाही. डब्ल्यूपीएमएलमध्ये एखादे पृष्ठ प्रथम मराठीत तयार करून तेथून इंग्रजीत भाषांतर करता येते. म्हणजे मूळ भाषा पृष्ठागणिक ठरवता येते. प्रश्न सोयीचा नाही, सवयीचा आहे. इंग्रजी पृष्ठ तयार झाले म्हणजे काम झाले आणि मराठी हा नंतर भरण्याचा रकाना, ही आपल्या कार्यालयांची मानसिकता यंत्राने निर्माण केलेली नाही. यंत्राने तिला घर बांधून दिले आहे.

समारोप

भाषांतर-संपादक हे साधन त्याज्य आहे, असा या विवेचनाचा निष्कर्ष नाही. मूळ बदलल्याची खूण, स्मृती, शब्दसूची आणि कामाची नोंद या सोयींमुळे मराठी पृष्ठ वर्षानुवर्षे जुन्या तारखा मिरवत राहत नाही, हा लाभ मोठा आहे. यंत्राने भाषांतरकाराच्या हाताखाली राहून काम करावे, हा विचार मार्टिन के यांनी १९८० सालीच मांडला होता. पृष्ठरचनाकाराच्या युगात हा क्रम उलटू पाहतो, एवढेच येथे दाखवायचे आहे.

या चिकित्सेतून पुढील बाबी हाती येतात :

१. बिघाड दुरुस्त करण्यापूर्वी तो विजेटाच्या नोंदीचा, अद्ययावततेचा, संपर्काचा, पद्धतींच्या सरमिसळीचा की लिपीचा आहे, हे ओळखावे.
२. पृष्ठरचना करतानाच दुसऱ्या भाषेचा विचार व्हावा. एक वाक्य अनेक विजेटांत तोडू नये, मजकूर चित्रात कोरू नये.
३. भाषांतरापूर्वी शब्दसूची भरावी आणि ती परिभाषा कोश व प्रचलित दाखल्यांतील संज्ञांशी जुळवून घ्यावी.
४. शासन निर्णयांवर आधारित पृष्ठांची मूळ भाषा मराठी ठेवावी.
५. संपादकात शंभर टक्के पूर्ण झालेले पृष्ठ एकदा सलग, पडद्यावर, विद्यार्थ्याच्या नजरेने वाचावे.

यांतील शेवटची सूचना सर्वांत साधी आहे आणि तिच्यासाठी कोणतेही प्लगइन लागत नाही. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. त्या दर्जाचा आनंद रास्तच आहे. परंतु शिष्यवृत्तीच्या पृष्ठावरील मराठी वाचून एखाद्या विद्यार्थिनीला आपण पात्र आहोत की नाही हे कळले नाही, तर त्या भाषेचा तिला काय उपयोग, हा प्रश्न मराठी शिकवणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला विचारला पाहिजे.